कुणीही न पाहिलेला रंग

१

चमचाभर पाणी मेलं होतं आणि अख्खी संस्था तोंड पाडून बसली होती. खरं दुःख त्यांतल्या एकीलाच झालं होतं, आणि आळ नेमका तिच्यावरच होता. बाकीच्यांना वाईट वाटत होतं ते पाहुण्यांसमोर नाक कापलं गेल्याचं.

हे पाणी साधं नव्हतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात उजेड पकडणारं एक प्रोटीन असतं. ते ज्यांच्यात जन्मापासून बिघडलेलं असतं, त्यांना आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, आणि शेवटी नळीतून पाहावं तेवढंच जग उरतं. असा आजार एका घराण्यात आजोबांकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे चालत आला होता. त्या घराण्याचं बिघडलेलं प्रोटीन या प्रयोगशाळेत बनवलं होतं. माणसाच्या जनुकातली कृती वाढवलेल्या पेशींच्या हवाली करायची, त्या पेशींनी प्रोटीन करायचं, आणि मग ते गाळून गाळून शुद्ध करायचं. ते हाती असलं तरच त्याला सावरणारं औषध शोधता येणार होतं.

बनवणारी मुलगी त्याच घराण्यातली. तिची स्वतःची नजर धड होती. थोरल्या भावाची जात चालली होती. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘धाकटी’ म्हणत. काम सगळ्यांत जास्त आणि खुर्ची सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी.

समारंभाच्या दिवशी पाहुण्यांना लाल अंधारात बसवून कुपी यंत्रात ठेवली. पडद्यावर डोंगरासारखी रेघ उमटायची होती. उमटली ती सपाट. दिवे लावून कुपी पाहिली, तर आत पिवळट पाणी. कधीतरी आधीच उजेड लागून प्रोटीन मेलं होतं.

संचालकांनी चौकशी समिती नेमली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि चहा संपायच्या आत निकाल दिला: धाकटीचा निष्काळजीपणा. तिने तसं लिहून द्यायचं आणि जायचं. तिच्यामागे तो प्रकल्पही बंद, आणि उबेच्या कपाटात वाढणाऱ्या त्या घराण्याच्या पेशी संध्याकाळी ब्लीचमध्ये ओतायच्या.

संस्थेच्या विश्वस्त मंडळात एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना चहापेक्षा लवकर झालेले निकाल पटत नसत. त्यांनी पोलिसांतून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला.

“संध्याकाळपर्यंत वेळ आहे,” म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. “त्यानंतर सगळे फार सुसंस्कृत होतील आणि काहीच सापडणार नाही.”

२

या निवृत्त बाईंना खात्यात पाठीमागे ‘फौजदारीणबाई’ म्हणत. त्यांनी ते एकदा ऐकलं, आवडलं, आणि ठेवून घेतलं.

त्या संस्थेच्या पोर्चमध्ये शिरल्या तेव्हा डोक्यावर भलामोठा बॅनर फडफडत होता. समारंभ आटोपून फजितीही शिळी झाली होती, पण बॅनर काढायला कुणाला सवड झाली नव्हती. ‘नव्या दृष्टीची पहाट’ अशी अक्षरं. डावीकडे संचालक, दात दाखवून. उजवीकडे एक तरुण गृहस्थ, दात न दाखवता, कारण विद्वान माणसं फोटोत हसत नाहीत. त्यांच्या चिमटीत केशरी सरबतासारखं काहीतरी भरलेली कुपी. बॅनरवर ती माणसाच्या डोक्याएवढी दिसत होती.

खाली बाकावर एक माणूस मान वर करून बसला होता. त्याचं डोकं हळूहळू, इंचाइंचाने सरकत होतं.

“काय एवढं बघताय?” बाईंनी विचारलं.

“वाचतोय. मला एका वेळी रुपयाएवढंच दिसतं, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं घ्यावं लागतं.” तो हसला. “सकाळपासून संचालकांचं नाक झालंय. आता कानाकडे जाईन म्हणतो.”

“धाकटीचे दादा ना तुम्ही?”

“हो. तिनं सांगितलंय, घरी जा. म्हटलं, तुला हाकलल्यावर बॅगा कोण उचलणार?” त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, न बघता एक किल्ली बोटांनी चाचपली आणि परत ठेवली. किल्लीच्या डोक्यावर वाळलेल्या गोंदाचे बारीक टपोरे थेंब होते. “ही घराची. तीन ठिपके. एक ठिपका म्हणजे कपाट. डोळ्यांवर विसंबणं सोडलं की डोकं शांत होतं.”

“ती निष्काळजी आहे का?”

“बाई, ती लहानपणी माझ्या ताटातले खडे वेचायची, मला दिसतात की नाही याची खात्री नव्हती म्हणून. आता तुम्हीच ठरवा.”

वरून जिन्यातून एक गोड, तेलकट आवाज आला. “या या, आम्ही आपलीच वाट पाहत होतो!”

दादाने मान खाली घातली. “नाक आलं,” तो पुटपुटला.

३

संचालकांची खोली प्रयोगशाळेपेक्षा मोठी होती. भिंतीवर सन्मानचिन्हं दाटीवाटीने उभी होती, कुणी ढकललं तर एकमेकांवर पडतील अशी. त्यांनी बाईंना आपलं कार्ड दिलं. जाड कागद, आणि त्यावर लालभडक अक्षरांत नाव, पदवी, पदवी, पदवी.

“मानवतेची हानी झाली आहे,” ते म्हणाले.

“मानवतेचं नंतर पाहू. अंधाऱ्या खोलीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?”

“चौघांकडे. मी, विभागप्रमुख बाई, आमचे वरिष्ठ संशोधक आणि ती मुलगी.”

“वरिष्ठ संशोधक म्हणजे बॅनरवरचे?”

“हो. फार कलात्मक. बॅनर त्यांनीच करवून घेतला, आदल्या दिवशीच छापून तयार!” संचालकांच्या आवाजात आंबट कौतुक होतं. “आमचे जावई आहेत, पण तो निव्वळ योगायोग.”

“मुलीनं लग्न केलं हा योगायोग, की नोकरी लागली हा?”

संचालकांना हा प्रश्न ऐकू आला नाही. मोठ्या पदावरच्या माणसांना हे जमतं.

“तुम्ही त्या खोलीत गेला होतात?”

“एकदा. समारंभाआधी, प्रेरणा घ्यायला. मोबाइलची बॅटरी लावून शिरलो, स्टुलाला अडखळलो आणि परत आलो. फ्रिजपर्यंत पोचलोच नाही. दोन दिवस गुडघा दुखत होता.”

“आणि ते प्रोटीन जिवंतपणी दिसायला कसं होतं?”

“पारदर्शक!” संचालकांनी हात पसरले. “आमच्या संस्थेच्या कारभारासारखं.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. असल्या माणसाच्या हातून चूक घडू शकते, उद्धटपणा घडू शकतो, पण फ्रिजचं हँडल अंधारात सापडेल असं काही वाटत नाही.

“ती मुलगी कुठे आहे?”

“खाली. पेशींना शेवटचं खायला घालते आहे. भावनाप्रधान आहे. तिथेच तर गफलत होते.”

४

अंधाऱ्या खोलीला दोन दारं, मध्ये जाड काळा पडदा. आत कोपऱ्यात एक मंद लाल दिवा. धाकटीने बाईंचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं.

“या प्रोटीनला फक्त गडद लाल उजेड चालतो,” ती म्हणाली. “त्याला तो जाणवतच नाही. बाकी कुठलाही उजेड लागला की ते मोडतं. तुमच्या-माझ्या डोळ्यांतही क्षणोक्षणी मोडतंच की. पण डोळा ते दुरुस्त करतो. कुपीत दुरुस्त करणारं कुणी नाही.”

बाईंनी काही टिपायला म्हणून संचालकांचं कार्ड बाहेर काढलं. ते कोरं होतं. दुसरी बाजू पाहिली, तीही कोरी.

“लाल अक्षरं लाल उजेडात दिसत नाहीत,” धाकटी म्हणाली. “इथे लाल, गुलाबी, केशरी, पांढरं, सगळं सारखंच.”

पदव्यांसकट संचालक नाहीसे झाले होते. त्या कार्डाने इतकं खरं आजवर कधी सांगितलं नसावं. बाईंनी ते परत पर्समध्ये टाकलं.

“मग ते प्रोटीन तुला कसं दिसलं?”

“पाण्यासारखं.”

“एवढे दिवस त्याच्यामागे होतीस आणि त्याचा रंग पाहिला नाहीस?”

“पाहायचा म्हणजे मारायचं.” तिने खांदे उडवले. “रंग यंत्र सांगणार होतं, समारंभात, पहिल्यांदाच. नेहमीच्या प्रोटीनपेक्षा आमच्या घराण्यातल्याचा रंग किती सरकलाय, तेच तर मोजायचं होतं.”

“कुपी बांधलीस कशी?”

“ही अशी.” तिने फ्रिजमधून दुसरी एक कुपी काढून बाईंच्या हातात दिली. चंदेरी कागद दोन पदरी, आणि दोन्ही टोकांना गोळीच्या कागदासारखा पीळ. “आणि कागद पुन्हा पुन्हा वापरते, म्हणून चुरगळलेला असतो. भांडारवाल्यांकडे नवा मागितला की ते त्यांच्या पोटचं मूल मागितल्यासारखं करतात.”

“अंधारात कुठली कुपी कुठली हे कसं कळतं? अक्षरं तर दिसत नाहीत.”

धाकटीने कागद सोडला, बाईंचं बोट धरलं आणि कुपीच्या झाकणावर टेकवलं. बोटाला एक टपोरा ठिपका लागला.

“बिनरंगी नेलपॉलिश. एक ठिपका म्हणजे निरोगी माणसाचं प्रोटीन. आमचं असेल तर तीन, त्रिकोणात.”

“दादांच्या किल्लीसारखं.”

“त्याचीच युक्ती. तो म्हणतो, पेटंट घेतलं असतं तर तुझ्या पगारापेक्षा जास्त मिळाले असते.”

“तीन ठिपक्यांच्या कुप्या किती?”

“एकच. ते प्रोटीन भरून झाकण बंद केलं, त्याच दिवशी ठिपके दिले. पुरेसं प्रोटीन निघेपर्यंत किती वेळा तरी सगळं फुकट गेलं. एकदाच ते साधलं.” तिने कुपीला परत कागद गुंडाळला. “बाई, मला जायला सांगतायत, जाते मी. पण त्या पेशी ओतू देऊ नका. त्या आमच्या घरातल्या आहेत.”

बाहेर उजेडात आल्यावर बाईंनी चौकशी समितीने ठेवलेल्या पुराव्याच्या पिशवीतून मेलेल्या कुपीचा चंदेरी कागद काढला. समारंभात ज्यांनी तो सोडला त्यांनी तो तसाच घडी करून ठेवला होता.

कागद एकपदरी होता. नवाकोरा, आरशासारखा. पीळ कुठेच नव्हता. कडा मोजून दुमडल्या होत्या, भेटवस्तू बांधावी तशा.

५

समारंभात कागद सोडला होता विभागप्रमुख बाईंनी. निवृत्तीला आल्यामुळे त्यांनी आता कशाचंच आश्चर्य वाटून घ्यायचं सोडलं होतं. त्या टेबलावरची झाडाची कुंडी खोक्यात भरत होत्या.

“कागद बदललेला आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही?”

“आलं की.”

“मग बोलला नाहीत?”

“कुणाजवळ? संचालकांजवळ? ते पाहुण्यांना खुर्ची देत होते.” त्यांनी कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं. “या इमारतीत मी खरं बोलून पाहिलंय. त्यानंतर मला खिडकी नसलेली खोली मिळाली.”

“आणि एका मुलीची नोकरी जाते आहे.”

“माझी गेली नाही, एवढंच मी आयुष्यभर पाहत आले.” त्यांनी हे लाजत सांगितलं नाही आणि अभिमानानेही सांगितलं नाही. कुणीतरी पत्ता सांगावा तसं सांगितलं. फौजदारीणबाईंना चोरांचा राग येत असे. पण असल्या माणसांच्या शेजारी बसायचासुद्धा कंटाळा येई.

“प्रोटीनचा रंग?”

“पुस्तकात गुलाबी. या मुलीच्या घराण्यात प्रोटीनच्या साखळीतली एक कडी बदललेली आहे, तेव्हा रंग सरकणार. पण जांभळ्याकडे की केशरीकडे, ते मोजल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही. आणि देवालाही ते उजेडात बघायची मुभा नव्हती.”

उरले जावईबापू. संस्थेत त्यांना या नावाने हाक मारायची हिंमत कुणाची नव्हती, आणि या नावाशिवाय त्यांचा उल्लेखही कुणी करत नव्हतं.

त्यांच्या खोलीत टेबलावर एक वाकड्या मानेचा लखलखीत दिवा होता आणि भिंतीवर आरसा. आरसा खुर्चीतून दिसेल असा लावला होता.

“विचारा,” ते म्हणाले. “पण मला व्याख्यानाची तयारी करायची आहे. अपयशातून काय शिकावं, या विषयावर.”

“कुणाच्या अपयशातून?”

“व्यापक अर्थाने.” त्यांनी कपाळावरची बट सारखी केली. “मला त्या मुलीबद्दल सहानुभूती आहे. घरचाच आजार, त्यामुळे घाई झाली. विज्ञानात अंतर लागतं.”

“तुम्ही त्या कुपीपासून किती अंतरावर होतात?”

“मी? मी मार्गदर्शन करतो. हात लावायची कामं मुलांची.”

“मग समारंभाआधी कुपी पाहिलीच नाहीत?”

“कशी पाहणार? अंधारात असते ती.”

“विभागप्रमुख बाई म्हणाल्या, जिवंतपणी गुलाबी असावी.”

जावईबापूंच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. दुसऱ्याची चूक दिसली की तो आपोआप वर जात असे, वर्षानुवर्षांची सवय. “त्यांची पुस्तकं जुनी झाली. गुलाबी निरोगी माणसाचं. हे केशरी. छान, उबदार केशरी. मावळतीच्या उन्हासारखं.”

“तुम्ही हिशोब केलात?”

“अर्थात,” जावईबापू पटकन म्हणाले. “हिशोबानेच.”

“हिशोबात ऊबही निघते वाटतं,” फौजदारीणबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या खाली पोर्चमध्ये आल्या. दुपार उतरली होती. दादा बाकावरच होता, मान वर.

“कुठवर आलात?”

“संचालक संपले. आता दुसऱ्या सद्गृहस्थांच्या हातापर्यंत आलोय. बाटली सुरू करतो.”

बाईंनीही वर पाहिलं. सकाळी पाहिलं होतं तेच, डोक्याएवढं केशरी सरबत. पण सकाळी त्यांना केशरी म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

“दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “झाकणावर या जरा.”

दादाची मान इंचभर सरकली. आणखी थोडी सरकली. मग ती थांबली, आणि किल्ल्यांच्या जुडग्यावरची त्याची बोटंही थांबली.

६

“इथे उभं राहून बोलायचं?” संचालक म्हणाले. “वर वातानुकूलन आहे.”

“वर बॅनर नाही,” फौजदारीणबाई म्हणाल्या.

चौघेही खाली आले होते. संचालकांच्या हातात धाकटीच्या राजीनाम्याचा कागद होता. तो त्यांनी स्वतःच टाइप करवून घेतला होता, तिला त्रास नको म्हणून. जावईबापू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले. खाली उतरून सगळ्यांच्या उंचीला येणं त्यांना आवडत नसे. विभागप्रमुख बाई खोकं कडेवर घेऊन आल्या होत्या.

“कुपी कुणीतरी उघड्या उजेडात काढली आणि परत बांधली,” बाईंनी सुरुवात केली. “धाकटी जुना कागद दोन पदरी लावून पीळ देते. सापडला तो नवा, एकपदरी, घडी घातलेला. विभागप्रमुख बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना खिडकी आठवली.”

विभागप्रमुख बाईंनी खोकं दुसऱ्या कडेवर घेतलं.

“या मुलीने स्वतःची कुपी स्वतः सोडून परत बांधली असती, तर स्वतःच्याच पद्धतीने बांधली असती. तेव्हा ती संशयातून सुटली. राहिले तिघे. मी तिघांना एकच विचारलं: रंग कसा होता? संचालक म्हणाले, पारदर्शक. लाल दिव्याखाली पाहणाऱ्याला तसंच दिसणार. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, मोजल्याशिवाय कळत नाही. हेही खरं. हे मात्र म्हणाले, केशरी.”

“मी हिशोब केला होता,” जावईबापू म्हणाले. “शास्त्रीय अंदाज. तुम्हाला समजावून सांगायचं तर जरा पायापासून—”

“पायापासून नको, डोक्यापासून सांगा. वर तुमच्याच डोक्याशेजारी केशरी कुपी आहे. ती कुठली?”

सगळ्यांनी वर पाहिलं. समारंभाच्या दिवसापासून त्या बॅनरखालून सगळी संस्था ये-जा करत होती. ज्यांचे चेहरे वर होते त्यांनी आपापला चेहरा पाहिला होता. ज्यांचे नव्हते त्यांनी वर पाहायचंच टाळलं होतं.

जावईबापू मोकळेपणाने हसले. ते हसू बॅनरवर असतं तर बरं दिसलं असतं.

“हे होय! बाई, तो फोटो आहे. शोभेचा. रिकाम्या कुपीत सरबत भरून काढला. बॅनरवर पाणी दाखवलं असतं तर चाललं असतं का?”

“हो ना,” संचालक घाईने म्हणाले. “प्रतीकात्मक आहे ते! एवढ्यावरून तुम्ही एका प्रतिष्ठित—”

“तसंच असेल,” बाई म्हणाल्या. “संचालकसाहेब, डोळे मिटा.”

“काय?”

“मिटा हो. खाणार नाही कुणी तुम्हाला.”

संचालकांनी डोळे मिटले. बाईंनी दादाकडून किल्ली घेतली आणि तिचं डोकं त्यांच्या बोटाखाली धरलं.

“काय लागतं?”

“खडबडीत... फोड आल्यासारखं. तीन. हे काय आहे?”

“दादांच्या घराची किल्ली. धाकटी तिच्या कुप्यांच्या झाकणांवर अशाच खुणा करते, अंधारात बोटांना कळाव्यात म्हणून. बिनरंगी नेलपॉलिशच्या. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. दिव्याचा उजेड तिरका पडला तर चमकतात. तीन ठिपक्यांची, त्रिकोणातली कुपी तिने जन्मात एकच केली, आणि झाकण बंद झाल्यावरच ठिपके दिले. आता डोळे उघडा. दादा, सांगा यांना.”

दादा बाकावरून उठला नाही. त्याने फक्त बोट वर केलं.

“झाकणाच्या डाव्या अंगाला,” तो म्हणाला. “दोन वर, एक खाली. दिव्याने काय सुरेख चमकलेत! एवढे मोठे तर आमच्या किल्लीवरसुद्धा नाहीत.”

ठिपके होते. प्रत्येक ठिपका मुठीएवढा. बॅनरवाल्याने छपाईत काही हातचं राखलं नव्हतं.

विभागप्रमुख बाईंनी खोकं खाली ठेवलं.

“फोटोसाठी?” त्या म्हणाल्या. “फोटोसाठी उघडलीस तू ती?”

जावईबापू पायरीवरून खाली उतरले, की त्यांचे पाय उतरले, ते सांगता येणार नाही. “एकच काढणार होतो,” ते म्हणाले. “झटकन. क्षणभराच्या उजेडाने काय होणार, असं वाटलं. जगात पहिल्यांदा तो रंग दिसणार होता, तो बॅनरवर असावा... संस्थेच्याच प्रतिष्ठेसाठी...”

“मग?” फौजदारीणबाई म्हणाल्या. “एकच काढला असतात तर थोडं तरी वाचलं असतं. खरं ना, धाकटी?”

“थोडं राहिलं असतं,” धाकटी म्हणाली. “थोडंसुद्धा चाललं असतं मला.”

“किती काढले?”

जावईबापू सासऱ्यांकडे, मग जमिनीकडे आणि शेवटी, राहवेना म्हणून, वर बॅनरकडे पाहत राहिले.

“सांगा की.”

“पहिल्यात कुपी छान आली होती,” ते पुटपुटले. “माझे केस विस्कटलेले आले. म्हणून दिवा जवळ घेतला. नंतरच्यांत केस नीट होते, पण रंग उतरत चालला. मग बॅनरवाल्याकडून पहिल्यातली कुपी आणि शेवटच्यातला मी... जोडून घेतलं.”

बॅनर वाऱ्याने फुगला आणि जावईबापूंचे नीट बसलेले केस हेलकावले.

“खून मी पुष्कळ पाहिले,” फौजदारीणबाई म्हणाल्या. “रागाने केलेले, हावेपोटी केलेले, दारूच्या नशेत केलेले. भांग पाडायला केलेला हा पहिलाच.”

“तू तो बॅनर काढून का नाही टाकलास?” विभागप्रमुख बाईंनी विचारलं. त्यांना हे खरोखरच कळत नव्हतं. “फजिती झाल्यावर तरी?”

“काढायला सांगितलं तर लोक विचारतील का, म्हणून...” जावईबापू म्हणाले. “आणि चांगला आलाय तो.”

संचालकांनी घसा साफ केला. हातातला राजीनामा त्यांनी हळूच घडी करून खिशात घातला, जणू तो कधी बाहेर आलाच नव्हता.

“बाई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “झालं ते झालं. तरुण वय आहे. हे प्रकरण घरातच राहू द्या.”

“घरातच आहे की. तुमच्याच.” फौजदारीणबाईंनी पर्स उचलली. “अहवाल विश्वस्तांकडे जाईल. मला ठाऊक आहे काय होईल ते. यांना तुम्ही कुठेतरी लांब, जास्त खिडक्यांच्या खोलीत पाठवाल. त्याला माझा इलाज नाही. पण ही मुलगी जात नाही, आणि पेशींना कुणी हात लावत नाही. लावलात, तर हा बॅनर मी वर्तमानपत्रवाल्यांना समजावून सांगेन. पायापासून.”

संचालकांनी मान डोलावली. मग वळून त्यांनी शिपायाला हाक मारली आणि बॅनर ताबडतोब उतरवायला सांगितला. निर्णय झपाट्याने घ्यावेत तर संचालकांनीच.

बॅनर खाली आला तो वाकडातिकडा, संचालकांवरून दुमडत. जिन्यात जावईबापूंची पावलं विरून गेली. विभागप्रमुख बाई खोक्यातली कुंडी परत काढावी की नाही या विचारात उभ्या राहिल्या आणि शेवटी तशाच निघून गेल्या.

दादा बाकावरून उतरून जमिनीवरच्या कापडापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने चेहरा अगदी खाली नेला, कुपीवर.

“अगं, ये ना,” तो म्हणाला. “बघ तरी. आपल्या घरचा रंग असा आहे. आईच्या डोळ्यांत हाच असणार. छान आहे गं, उगीच नावं ठेवत होतो आपण.”

धाकटी दारातच उभी होती, कापडाकडे पाठ करून. एप्रनच्या बाह्या तिने वर केल्या.

“तू बघ,” ती म्हणाली. “मला पेशींना खायला घालायचंय. परत करीन मी ते, दादा. आणि तेव्हाही बघणार नाही.”

ती आत गेली. आधी पहिलं दार लागलं, मग दुसरं.